कासवीची दृष्टी

कासव हा प्राणी आम्हा महाराष्ट्रीयांच्या नित्य परिचयाचा आहे असे म्हटले, तर ते जितके खरे तितकेच खोटे ठरेल. शंकराच्या देवळात पाऊल टाकावे, तो फरशीत बसविलेले दगडी कासव पुढे असतेच. कॉलेजात गीता वाचू लागावे, तो स्थितप्रज्ञाच्या लक्षणांत ते पुन्हा भेटते. दशावतारांत त्याचा क्रमांक दुसरा, आणि सशाशी लावलेल्या शर्यतीत तर पहिला. अलीकडे ते पितळेचे किंवा काचेचे होऊन दिवाणखान्यातील पाण्याच्या वाडग्यात येऊन बसले आहे. त्याचे तोंड कोणत्या दिशेस असले म्हणजे घरात पैसा येतो, याविषयी चांगली पदवीधर माणसे आमच्या देखत हिरिरीने वाद घालतात. परंतु इतक्या ओळखीच्या या प्राण्याला खावयास काय लागते, तो हिवाळ्यात कोठे जातो, त्याला उचलून घेतलेले आवडते की नाही, असे कोणी विचारले तर आम्ही सारे निरुत्तर होऊ. ज्याच्या पाठीवर मंदार पर्वत ठेवून आपण मोकळे झालो, त्याच्या पोटापाण्याची चौकशी आपण कधी केलेली नाही.

आम्हाला ही चौकशी करण्याचा योग आला तो विलायतेत. आमची कन्या इंग्लंडच्या हँपशायर परगण्यात विंचेस्टर या जुन्या गावी राहते. कॉलेजातून सहा महिन्यांची रजा मिळवून आम्ही उभयता ऑक्टोबरच्या आरंभी तिच्याकडे गेलो, तेव्हा त्या घरात एक नवे माणूस आलेले होते. माणूस म्हणण्याचे कारण इतकेच, की घरातील प्रत्येक बेत त्याच्या सोयीने ठरत असे. वस्तुतः ते होते एक ग्रीक कासव. वय एक वर्ष, लांबी सहा सेंटिमीटर, वजन ५२ ग्रॅम. म्हणजे बाजारातून आणलेल्या एखाद्या मध्यम लिंबाएवढे. पिवळसर मातकट पाठ, तीवर काळपट तपकिरी ठिपके, आणि मागच्या दोन्ही मांड्यांवर शिंगासारखा एकेक बारीक टोकदार काटा. हा काटा म्हणजे या जातीची ओळखीची खूण. चेहरा मात्र एखाद्या पेन्शनर मामलेदाराचा. एवढ्याशा वयात एवढा वृद्ध आणि अप्रसन्न चेहरा आम्ही दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

त्याला ग्रीक का म्हणावे, हा प्रश्न भाषेच्या प्राध्यापकास सुचणे साहजिक आहे. १७५८ साली लिनिअस या स्वीडिश पंडिताने या जातीला शास्त्रीय नाव देताना त्यात ‘ग्रेका’ हे विशेषण घातले. त्याच्या पाठीवरील नक्षी ग्रीक लोकांच्या रंगीत खड्यांच्या फरसबंदीसारखी दिसते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. या जातीचा प्रदेश मोरोक्कोपासून उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने, दक्षिण स्पेनचा एक तुकडा घेऊन, पूर्वेस तुर्कस्तान, कॉकेशस आणि इराणपर्यंत पसरलेला आहे. खुद्द ग्रीसचा त्यात वाटा थोडा. आमच्या नातीचे कासव तुर्की वंशाचे, परंतु जन्माने इंग्रज होते. विलायतेतच राहणाऱ्या एका पैदासकाराच्या घरी ते अंड्यातून बाहेर आले होते, आणि त्याच्याबरोबर सरकारी प्रमाणपत्रही आले होते. त्यावाचून या जातीची खरेदी-विक्री तेथे करता येत नाही.

या निर्बंधामागे एक लाजिरवाणा इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास आणि त्यानंतरही काही दशके मोरोक्को, तुर्कस्तान वगैरे देशांतून लक्षावधी कासवे टोपल्यांत एकावर एक रचून जहाजांनी इंग्लंडात येत, आणि हातगाड्यांवर भाजीसारखी विकली जात. ती बहुधा पहिल्याच हिवाळ्यात मरत. मेले म्हणजे दुसरे आणावे, इतके ते स्वस्त. कासव दीर्घायुषी असते हे ज्या मुलांना पुस्तकातून शिकविले जाई, त्यांच्याच परसात ही जत्रा दरवर्षी पुरली जात असे. अखेरीस १९८४ साली युरोपीय समुदायाने ही आयात बंद केली. आमच्या वाचकांना याहून जवळचे उदाहरण हवे असल्यास आपल्याकडील तारा कासवाचे घ्यावे. त्याच्या सुंदर पाठीपायी ते पोत्यांत आणि सामानाच्या पेट्यांत भरून चोरट्या मार्गाने देशाबाहेर नेले जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये ते घरात पाळणे हा गुन्हा आहे, आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही कडक बंदी आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणाच्या मुलाने हट्ट धरला, तर त्याला पितळी कासवावरच समाधान मानावयास लावावे, ही विनंती.

आता संगोपनाकडे वळू. कासवाचा संसार आमच्या कन्येच्या घरी चार फूट लांबीच्या एका लाकडी उघड्या पेटीत मांडलेला होता. तळाशी माती आणि वाळू यांचे मिश्रण. ते एका बाजूस किंचित ओलसर ठेवलेले, कारण लहान कासव मातीत अर्धे पुरून घेऊनच झोपते, आणि कोरड्या जागी वाढलेल्याची पाठ ओबडधोबड होते. एका टोकास दिवा. दिव्याखालच्या सपाट दगडावर उष्णता ३२ ते ३५ अंश, आणि दुसऱ्या टोकास वीसच्या आसपास. कासवाला अंगची ऊब नसते. ती त्याला बाहेरून मिळवावी लागते आणि नको झाली म्हणजे चालत जाऊन टाकावी लागते. सकाळी दिवा लागला की ते मातीतून डोके काढी, पाय पसरून दगडावर पडे, आणि अंग तापल्यावाचून जेवणाकडे ढुंकूनही पाहत नसे. ऊन तापवते एवढेच नव्हे. त्यातील अतिनील किरणांवाचून शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि त्यावाचून अन्नातला चुना हाडांत व कवचात उतरत नाही. म्हणून त्या दिव्यात हे किरणही लागतात. डोळ्यांना प्रकाश दिसत राहिला तरी काही महिन्यांनी हे किरण आटतात; मग दिवा बदलावा लागतो. पुण्यात जे उन्ह आम्ही छत्री उघडून टाळतो, ते येथे विकत घेऊन कासवाला वाढावे लागत होते.

जेवणाच्या बाबतीत मात्र आमच्या घरात खडाजंगी झाली. या प्राण्याचे खरे अन्न म्हणजे रानटी पाला. डँडेलियन नावाचे पिवळ्या फुलाचे जे तण इंग्रज गृहस्थ हिरवळीतून उपटून फेकतात, ते. शिवाय प्लँटेन, क्लोव्हर, दुधाळ देठाची काटेरी पाने, आणि मिळाल्यास जास्वंदीचे फूल किंवा पान. या पाल्यावर चुन्याची पूड भुरभुरावयाची आणि पेटीत समुद्रफेणाचा तुकडा ठेवावयाचा. हा समुद्रफेण पाहून आमच्या सौभाग्यवतींना फार आनंद झाला. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी ही वस्तू साहेबाच्या देशातही लागते, हे त्यांना समाधानाचे वाटले. परंतु उरलेला स्वयंपाक त्यांना पसंत पडेना. ज्या घरी पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय पान उचलू देत नाहीत, त्या घरातून आलेल्या बाईला तणावर वाढणारे लेकरू बघवेना. केळ्याचा काप, काकडी, कुस्करलेली पोळी, निदान थोडा दूधभात! कन्येने प्रत्येक वेळी नकार दिला. फळांतली साखर याच्या आतड्याला सोसत नाही. डाळी, दूध, पोळी यांपासून अपाय होतो. आणि सकस अन्न पोटभर घातले तर कासव भराभर वाढते खरे, पण ती वाढ आत कच्ची राहते. याच्या मूळ देशात उन्हाळ्यात डोंगर करपून जातात तेव्हा याला खडतर उपास घडतात, आणि त्या उपासांच्या हिशोबानेच याचे शरीर घडलेले आहे. थोडक्यात, याला नेहमी थोडे भुकेले ठेवणे हाच याचा लाड. ‘असला कसला लाड, बाई!’ असे म्हणून सौभाग्यवती पेटीपासून दूर झाल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डँडेलियनची पाने धुऊन, निवडून, मेथीच्या जुडीसारखी फडक्यावर पसरलेली आम्ही पाहिली.

एका गोष्टीत मात्र त्यांचे आणि कासवशास्त्राचे पहिल्या दिवसापासून एकमत होते. या प्राण्याच्या अंगावर रोगकारक जंतू असू शकतात, म्हणून त्याला किंवा त्याच्या पेटीला स्पर्श झाला की साबणाने हात धुवावे लागतात, आणि स्वयंपाकघरात तर त्याला मुळीच आणावयाचे नसते. आमच्या आजीचे सोवळे असे सातासमुद्रापलीकडे शास्त्राच्या आधाराने पुनः प्रस्थापित झालेले पाहून आम्हाला मौज वाटली.

रोज सकाळी दहा मिनिटे कोमट पाण्यात स्नान, पाणी हनुवटीपर्यंतच. त्यात ते पाणी पिई आणि आतडी मोकळी करी. आठवड्यातून एकदा, रविवारी, वजन. त्यासाठी सोनाराच्या काट्यासारखा एक चिमुकला काटा आणलेला होता. नात तो पुसून घेई, कासव मध्ये ठेवी आणि आकडा वहीत मांडी. तिचे वय आठ वर्षांचे. दिवसातून चार वेळा पेटीत डोकावून ते उताणे तर पडले नाही ना, हे पाहण्याचे कामही तिचेच. दगडावर चढताना लहान कासव सहज कलंडते. दिव्याखाली उताणे पडून राहिले तर तेवढ्यानेच त्याचा अंत होतो.

परंतु तिच्यावरचा सर्वांत कठीण नियम निराळाच होता. कासवाला कारणावाचून उचलावयाचे नाही. आमचा समज असा होता, की कवच म्हणजे निर्जीव ढाल. तिच्यावर हात फिरविला काय आणि न फिरविला काय, आत पत्ता लागत नसेल. तसे नाही. ते कवच जिवंत हाडाचे असते, त्याला स्पर्श कळतो. आणि जमिनीवरून पाय सुटले म्हणजे आपल्याला एखाद्या घारीने उचलले, याखेरीज दुसरा अर्थ त्या प्राण्याला ठाऊक नसतो. कुत्रे शेपटी हलविते, मांजर अंगाला अंग घासते, पोपटसुद्धा आपण शिकविलेली शिवी आपल्याला परत देतो. कासव काही देत नाही. फार तर काही महिन्यांनी पाल्याची वाटी आणणाऱ्या हाताकडे मान उंच करून चालत येते. पण ती भेट वाटीची, हाताची नव्हे. आठ वर्षांच्या मुलीने ज्याच्यावर जीव टाकावा, त्याला तिने हात लावू नये, आणि त्याने तिला ओळखही देऊ नये, हा करार आम्हाला प्रथम फार कठोर वाटला. ती मात्र पेटीच्या काठावर हनुवटी टेकून तास-अर्धा तास नुसती बघत बसे. ते पान कसे पुढच्या पायाने दाबून धरते, ते कोणत्या बाजूने कुरतडते, जांभई देताना डोळे मिटते की नाही, हे सारे तिला पाठ होते.

असे पाहता पाहता एके दिवशी आम्हाला आपल्या संतवाङ्मयातील कासवीची आठवण झाली. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, चारा भरवीत नाही. ती तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या पिलांकडे नुसती पाहते आणि त्या दृष्टीनेच त्यांचे पोषण होते, असा हा संकेत. ज्ञानेश्वरांपासून पुढे किती तरी संतांनी गुरूच्या आणि देवाच्या कृपेला हा दृष्टांत दिला आहे. निसर्गशास्त्र याला साफ नकार देते. कासवी मातीत खळगा करून अंडी घालते, पायाने माती लोटते आणि निघून जाते. पिलू बाहेर येते तेव्हा ती कोठे असते याचा पत्ता नसतो; मायलेकरे पुढेमागे समोरासमोर आली तरी एकमेकांस ओळखणार नाहीत. पिलू नर निपजेल की मादी, हेसुद्धा आईबापांवर अवलंबून नाही; मातीच्या उबेवर आहे. साधारण ३१ अंशांच्या अलीकडे बहुतेक नर, पलीकडे बहुतेक माद्या. इतके सगळे समजल्यावर तो दृष्टांत आमच्या लेखी निकालात निघावयास हवा होता. पण पेटीच्या काठावर टेकलेली ती हनुवटी आमच्या डोळ्यांसमोर रोज होती, आणि कासव वाढत होते ते तिच्या पाहण्यावरच. खाणे कमी झाले, चाल मंदावली, डोळे सुजले, नाकातून पाणी आले, तर ते पाहणाऱ्यालाच कळावयाचे. कासव ओरडून सांगत नाही.

नर-मादीचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे. या वयात या प्राण्याचे लिंग ओळखता येत नाही. त्याला काही वर्षे जावी लागतात. नातीच्या इंग्रजीची यामुळे रोज पंचाईत होई. नाव मुलाचे ठेवावे की मुलीचे? मराठीस अशी अडचण नाही. ते कासव, ते पिलू. आपले नपुंसकलिंग अशा वेळी उपयोगी पडते. इंग्रजांनी या प्रकरणी दोनदा हात पोळून घेतले आहेत. विंचेस्टरपासून पंधरा-सोळा मैलांवर सेलबोर्न नावाचे खेडे आहे. तेथील निसर्गवेडा पाद्री गिल्बर्ट व्हाइट याचे पुस्तक १७८९ साली निघाले. त्याच्या आत्याकडे टिमोथी नावाचे एक कासव होते. ती वारल्यावर १७८० च्या मार्चमध्ये व्हाइटने ते जमिनीतून झोपेतच उकरून काढले आणि घोड्यांच्या गाडीतून ऐंशी मैल आपल्या घरी नेले. प्रवासाच्या खडखडाटाने ते जागे झाले. पुढे हा विद्वान त्याचे वजन करी, त्याच्या झोपण्याउठण्याच्या तारखा टिपून ठेवी. १७९३ साली तो मरण पावला. कासव त्याच्यानंतर गेले. त्याचे कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे, आणि ते तपासून पाहता टिमोथी ही मादी होती असे ठरले. दुसरा टिमोथी याहून पराक्रमी. १८५४ साली तो एका पोर्तुगीज जहाजावर इंग्रज आरमारी कप्तानाला सापडला, क्रिमियाच्या युद्धात सेव्हास्तोपोलवर तोफा चालल्या तेव्हा तो ‘क्वीन’ या युद्धनौकेवर होता, आणि पुढे डेव्हनमधील एका उमरावाच्या गढीत राहून २००४ साली निवर्तला. त्याचे लग्न जुळवावे म्हणून १९२६ साली खटपट झाली, तेव्हा तीही मादी असल्याचे उघडकीस आले.

या कथा आम्ही नातीला रात्री सांगत असू. तिने त्यातून नर-मादीची गंमत घेतली. आम्ही मात्र तारखा मोजीत होतो. लंडनच्या लँबेथ राजवाड्यात आर्चबिशप लॉड याने १६३३ साली आणलेले कासव होते. लॉडचा १६४५ साली शिरच्छेद झाला. राजा गेला, क्रॉमवेल आला आणि गेला, दुसरी राजघराणी आली. कासव बागेत पाला खात होते. ते १७५३ साली मेले, आणि तेही म्हातारपणाने नव्हे, माळ्याच्या हयगयीने. सगळीच कासवे एवढी जगत नाहीत. परंतु नीट सांभाळलेले ग्रीक कासव पन्नास-साठ वर्षे सहज काढते, आणि शंभरी गाठणेही त्याला अशक्य नाही. ज्याच्याकडून हे पिलू घेतले त्या गृहस्थाने पैशाआधी एकच गोष्ट विचारली होती : पुढच्या पन्नास वर्षांची तुमची काय व्यवस्था आहे? जावयाने विचार करून उत्तर दिले, की आम्ही दोघे म्हातारे होईपर्यंत आम्ही, नंतर आमची मुलगी, याच घरी किंवा आसपास.

ही हकीकत जेवताना निघाली, आणि सर्वजण हसले. रात्री वरच्या खोलीत दिवा मालविल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, ‘‘अहो, म्हणजे ही मंडळी काही परत येत नाहीत.’’

कन्या प्रथम गेली ती दोन वर्षांसाठी म्हणून. त्याला अकरा वर्षे झाली. दर खेपेस कोणते ना कोणते कारण निघे, आणि ते पटण्याजोगेच असे. आम्हीही पुण्यातल्या घराची पुढची खोली तिच्यासाठी म्हणून भाड्याने दिली नव्हती. घर विकत घेतल्याचे कळले तेव्हा आम्ही मनाशी म्हटले, घरे विकताही येतात. कासव विकता येते, पण ज्याने पन्नास वर्षांचे वचन दिले तो विकीत नाही. ते इकडे आणावयाचे, तर दोन्ही देशांचे परवाने हवेत. शिवाय २०२२ सालच्या दुरुस्तीपासून आपल्याकडेही अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी कायद्याने लागते. हे सर्व आम्ही त्या अंधारात सविस्तर सांगितले. सौभाग्यवतींनी ते ऐकून घेतले, आणि उद्या सकाळी पाला कोणी आणावयाचा, एवढेच विचारले.

नोव्हेंबर लागला आणि घरात निराळीच गडबड सुरू झाली. तुर्की वंशाची ही कासवे हिवाळाभर निद्रिस्त असतात. ट्युनिशियाकडची तशी झोपत नाहीत. म्हणून कासव घेतानाच त्याचे मूळ विचारून घ्यावे लागते. निरोगी पिलाला पहिली काही वर्षे थोडे आठवडेच झोपवितात. ही झोप विंचेस्टरच्या बागेत घडू द्यावी, तर तेथील हिवाळा लहरी : एके दिवशी गोठण, दुसऱ्या दिवशी ऊब. शून्याच्या खाली गेले तर कासवाचे डोळे जातात, प्रसंगी प्राणही. दहा अंशांच्या वर गेले तर ते अर्धवट जागे होऊन अंगातला साठा जाळू लागते. पाचाच्या आसपास स्थिर राहिले पाहिजे. आणि घरात पाच अंशांवर स्थिर राहणारी जागा एकच, ती म्हणजे शीतकपाट. कन्येने त्यासाठी एक लहानसे निराळे आणले होते. त्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, म्हणजे आतली थंडी हेलकावे खात नाही. शिवाय दोन उष्णतामापके. तीन आठवडे आधी कासवाचे जेवण थांबविले. पोटात अन्न राहिले तर ते झोपेत कुजते. स्नान मात्र रोज चालू, आणि दिवा रोज थोडा थोडा कमी. एक डिसेंबरला ५१.९ ग्रॅमचे ते कासव मातीने भरलेल्या, भोके पाडलेल्या डबीत ठेवले, डबी दुसऱ्या डबीत, आणि कपाट बंद झाले.

सौभाग्यवती त्या वेळी खोलीत थांबल्या नाहीत. जिवंत प्राण्याला बर्फाच्या कपाटात ठेवून दार लावणे हे शास्त्र असेल, पण त्यांना ते पाहवले नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही खिडकीबाहेरच पाहत होतो. हवेसाठी ते दार रोज एकदा क्षणभर उघडावयाचे असे. दुसऱ्या दिवसापासून ते काम आपणहून अंगावर घेतले ते सौभाग्यवतींनीच. पहाटे उठून, चहा ठेवण्याआधी, शाल गुंडाळून त्या खाली जात, दार उघडीत, मापकावरचा आकडा पाहत आणि पुटपुटत काही तरी म्हणून दार लावीत. आठवड्याला एकदा डबी काढून वजन करीत. महिन्याला शंभरात एकाहून अधिक घट होता कामा नये. डबीत ओल दिसली, म्हणजे त्याने आतले पाणी टाकले, तर ताबडतोब उठवावयाचे. ५१.७. ५१.५. थंडगार, निश्चल, पाय आत ओढलेले. बोट लावले तर पाय जरासा आखडे, एवढीच जिवंतपणाची खूण. नाताळ झाला, संक्रांत झाली. कासवाच्या नावाने दाराशी एक तिळगूळ ठेवलेला आम्ही पाहिला, पण त्याविषयी बोललो नाही.

वीस जानेवारीस डबी बाहेर आली. काही तास खोलीत ठेवली, मग दिव्याखाली. आम्ही पाचही जण भोवती बसलो होतो. आधी एक मागचा पाय बाहेर आला, बराच वेळाने दुसरा. मग मान, डोळे मिटलेलेच. कोमट पाण्यात सोडल्यावर एक डोळा उघडला, आणि त्याने पाणी प्यावयास आरंभ केला. ते इतका वेळ पीत राहिले, की आम्हाला आपल्या घशाला कोरड पडल्याचे जाणवले. वजन पाण्यापूर्वी ५१.१. तिसऱ्या दिवशी त्याने पहिले पान खाल्ले. ते कुंडीत जपून वाढविलेले होते. नातीने वहीत त्या दिवसापुढे तांबड्या शाईने काही लिहिले. आम्हाला दाखविले नाही.

मार्चअखेर आम्ही निघालो, तेव्हा हिरवळीवर पहिली डँडेलियन उमलू लागली होती. जेथे फवारणी होत नाही आणि कुत्री फिरत नाहीत अशा दोन जागा आम्ही सहा महिन्यांत हेरून ठेवल्या होत्या. त्यांचा कच्चा नकाशा काढून जावयाच्या हवाली केला. विमानतळावर नातीने आजीच्या कानात सांगितले, की मी शंभर वर्षांची झाले तर कासवाला कोणाकडे देऊ? आजीने उत्तर काय दिले, ते आम्हाला ऐकू आले नाही.

आता दर रविवारी दुपारी फोनच्या पडद्यावर तो काटा दिसतो. आधी रिकामा, शून्य दाखविणारा. मग त्यावर कासव येते, हलते, आकडा डळमळतो, आणि ते थांबेपर्यंत पुण्यात आणि विंचेस्टरला कोणी बोलत नाही. पुढची खोली गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याला दिली. मागच्या रविवारी आकडा ६१ आला. सौभाग्यवतींनी तो स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर, दुधाच्या हिशोबाखाली, लिहून ठेवला आहे.